पाणी आल्याचं बटण

२ मे, अकोला
अमरावतीहून भावाचा, नितीनचा, जुना लॅपटॉप आला. हे म्हणाले, "ॲप बनवशील? तुले रिचार्ज तरी करता येते का?" आता तं बनवूनच दाखवते यायले! आठ-आठ दिवस नळ येत नाही, आला तं वेळ ठरलेली नाही. गल्लीचा व्हॉल्व आमच्या कोपऱ्यावर, पाणी आधी आमच्याच नळाले. गल्लीच्या टोकाच्या कुसुमकाकूले समजेस्तोवर अर्धं पाणी निघून जाते, अन् गुडघ्यामुळे पळणं नाही तिले. ग्रुपवर टाकलं तं गुडमॉर्निंगच्या फुलांत कोणाले दिसते? मी बटण दाबलं की सगळ्यांचे मोबाइल वाजले पाहिजेत. बस, एवढंच.

६ मे
एवढंच म्हणे! व्हिडिओतला पोरगा सर्रसर्र लिहिते, मी एकेक अक्षर शोधत मागून. एक कंस सुटला की लाल ओळींची जत्रा. डोकं आऊट. वरण करपलं.
नितीन फोनवर: "ताई, लाल ओळ वाच ना. काय चुकलं तेच सांगून राहिली ते."
वाचली. खरंच सांगून राहिली होती.

११ मे
बटण चालते!! माह्या फोनवर वाजलं तं मीच दचकली. गल्लीतल्या बायांच्या मोबाइलमधे टाकून दिलं. काकू: "मले काही समजत नाही वं. वाजलं की उठतो."

१४ मे
काय करून बसली मी.
व्हिडिओत बटण चालते का ते पाहून घ्यायले 'हॅलो' पाठवतात. आपण कोणाले हॅलो म्हणतो? मी 'पाणी आलं' लिहिलं. फक्त माह्या फोनवर पाठवायचं होतं, 'सगळे' निवडलेलं तसंच राहिलं. बाहेर धडाधड आवाज. पाहते तं बायांनी शिळं पाणी ओतून ड्रम घासायले घेतले! नळ आला की आपण आधी तेच करतो ना. नाली भरून वाहत होती. "थांबा वं, थांबा!" ओरडत सुटली. टोकापर्यंत पोचली तोवर काकूचे दोन्ही ड्रम रिकामे. नळाखाली घागर लावून बसली होती. माह्याकडे पाहून हसली. तिले अजून माहीत नव्हतं.

१५ मे
आमच्या टाकीतलं पाणी बादल्यांनी काकूकडे नेलं. बाकीच्या तोंड फिरवतात. "मोठी आली इंजिनिअर!" साऱ्यांनी ॲप काढून टाकलं. काकूनं नाही.
"राहू दे म्हनलं मी. पन आता फसवशील तं माह्या दारात येऊ नको."
हसून नाही बोलली. रडू आलं, अन् स्वतःचाच संताप.

१७ मे
बटण दाबलं की आता ॲप आधी विचारते: 'नळ पाहिला का?' हो म्हटल्याशिवाय पुढं जात नाही. नितीननं समजावलं, लिहिलं मीच.

१९ मे, सकाळ
उभ्यानं लिहून राहिली. व्हॉल्व उघडणारा आताच गेला. नळ सूं सूं करते, निरा हवा, थेंब नाही. हवेमागून पाणी येते. कधी हवाच येते अन् बंद.
थांबू तं काकूचे ड्रम घासणं व्हायचं नाही, टोकाले पाणी टिकत नाही. सांगू अन् पाणी नाही आलं तं... आहे नाही ते सारं ओतून देईल ती. एकटीच उरली माह्यावर भरोसा ठेवणारी.
पळत जाऊ? पळत जाऊनही सांगू काय? हवा आली?
बटण दाबलं. मोबाइल विचारून राहिला, 'नळ पाहिला का?' नळाखाली हात धरला. कोरडा.
'हो' दाबलं.