नागपूरची ढाल, कलकत्त्याची ढाल

इंदापूर,
एप्रिल १९५६

प्रिय मानसिंग,

सकाळपासून कागद पुढ्यात घेते आणि उठते. एकदा दूध उतू गेलं, एकदा आबांनी हाक मारली, बाकीच्या वेळी माझी मीच उठले. एका जागी बसवतच नाही. तुला कळलं असेलच, नृसिंह जयंतीला नरसिंहपूरच्या जत्रेत तुझी-माझी कुस्ती ठरली आहे. कुस्तीच म्हणतात सगळे. पैलवानांच्या जोड्या संपल्या की त्याच आखाड्यात दोन खुर्च्या टाकायच्या, मध्ये घंटा ठेवायची आणि सामान्यज्ञानाचे प्रश्न विचारायचे. जिंकेल त्याची ढाल खरी, त्याचाच तालुका मोठा. हलगीवाल्यांनाही सांगून ठेवलंय. उत्तर आठवत असताना कानाशी हलगी कडाडली तर काय करायचं, हा प्रश्न मात्र कुणालाच पडलेला नाही.

याला कारण आपण दोघंच. एकाच हिवाळ्यात तू नागपूरच्या स्पर्धेची ढाल बारामतीला नेलीस आणि मी कलकत्त्याची इंदापुरात आणली. दोन्हींवर 'अखिल भारतीय विजेता' कोरलेलं. देश एक आणि विजेते दोन, हे इथं कुणाला पचत नाही. भाजीच्या गाड्यांपाशी आमचे आबा लेकीच्या कौतुकानं सांगत सुटतात, "नागपूरला मद्रासची पोरं आलीच न्हाईत, मग कसली ती अखिल भारतीय?" त्यावर तुमच्या बारामतीकडचा कुणीतरी म्हणतो, "कलकत्त्याच्या ढालीचं वय काय? आमचं रेडकू थोरलं हाय तिच्यापरीस." त्यात खोटं काही नाही. तुझी स्पर्धा जुनी, तिथले परीक्षक विद्वान, नुसत्या उत्तरावर ऐकत नाहीत, कारणही विचारतात. माझ्या स्पर्धेत सगळ्या प्रांतांची मुलं, आणि घंटेवर हात पडायला जरा उशीर झाला की प्रश्न गेला. कोणती मोठी, हे मलाही जाणून घ्यायचंय. भाकरी थापताना मी मनातल्या मनात तुझ्याशी हाच वाद घालत असते, आणि तिथंही तू ऐकत नाहीस.

मी मामांकडे बारामतीला शाळेत होते तेव्हाचं आठवतं? पेरूच्या करंड्यांत घालायला मामा रद्दी आणायचे आणि फळं भरायच्या आधी आपण ती वाचून काढायचो. साल तुझ्या लक्षात राहायचं, गाव माझ्या. चुकलास की तुझे कान लाल व्हायचे, पण रुसायचा नाहीस, लगेच म्हणायचास, पुढचा विचार. मला तू तिथंच आवडलास. लिहून गेले खरी, आता खोडत नाही.

परवा तुझ्या आई आमच्याकडे आल्या होत्या. सुपारी वैशाखातच फोडू म्हणाल्या. मी आत चहा ठेवत होते, हातातली साखर सांडली. मग त्यांनी आवाज बारीक केला आणि आईला म्हणाल्या, "पोरीला म्हणावं, दोन सवाल सोड. चार गावांम्होरं नवऱ्याला पाडलेली सून आमी कोणत्या तोंडानं घरात घ्यायची?" त्या गेल्यावर माझ्या डोक्याला तेल लावता लावता आईही म्हणाली, "दोन सवालांनी काय बिघडतंय, बाई?" आबांना यातलं काही ठाऊक नाही. ते जत्रेसाठी नवा फेटा घेऊन आलेत आणि येईल त्याला दाखवताहेत.

म्हणून हे पत्र. आधी ठरवून कुणी पाठ टेकली, नुरा कुस्ती झाली, की आखाड्यात लोक कसे खवळतात ते तू पाहिलंयस. पण लोकांचं सोड. मी मुद्दाम चुकले तर घंटेवरच्या माझ्या हातावरूनच तुला कळेल, आणि मग जन्मभर तू मला एकही प्रश्न मनापासून विचारणार नाहीस. मी एकही सोडणार नाही, मानसिंग. तूही माझ्यावर दया म्हणून सोडू नकोस. खरं खेळून जिंकलास तर मी हसत तुमच्या घरी येईन. मी जिंकले तर आबांची बैलगाडी नदीच्या घाटाशी उभी असेल, सगळ्यांदेखत तिथवर चालत ये. आला नाहीस, तर कोणती ढाल मोठी ते त्या दिवशी ठरलेलं असेल, पण त्यावर वाद घालायला मला कुणी उरलेलं नसेल.

तुझीच, आणि म्हणूनच अडून बसलेली,
कौसल्या