शिमग्याआधीचा निकाल

१० फेब्रुवारी २०२६, भांडुप

इनकन्क्लुझिव! छातीला वायरी चिकटवून त्या पळत्या पट्ट्यावर घामाघूम होईपर्यंत चालवलं आणि रिपोर्ट काय? ‘नक्की सांगता येत नाही.’ अरे, मग बोलावलंत कशाला? आमच्या गुरुजींनी असा निकाल कधी कुणाला दिला नाही. पास, नाहीतर नापास!

डॉक्टरीणबाई नातीच्या वयाची. म्हणाली, “काका, ठोके हवे तेवढे वाढलेच नाहीत. हृदयावर ताण आला तरच त्याचं दुखणं दिसतं. त्यामुळे चांगलंही म्हणता येत नाही, वाईटही नाही. पुन्हा करू.”

“आणि पालखी?”

“तोवर जड काही उचलायचं नाही.”

शिमगा तोंडावर आला. गावच्या देवीच्या पालखीला पुढच्या दांड्याला आमच्या घराचा खांदा. थोरले दादा गेल्यापासून तो मान माझा. तिला काय कळणार!

११ फेब्रुवारी

राग उतरत नाही. मशीनच बिघडलेलं असणार. सिद्धेश म्हणतो, “बाबा, यंदा मी देतो ना खांदा.” — तू? ढोल वाजला की कानात बोटं घालणारा मुलगा तू! सुगंधा भाजी निवडत गप्प. एरवी माझ्या एका वाक्याला बायकोची दोन तयार असतात.

१३ फेब्रुवारी

सकाळी गॅलरीत शाळेतली नदीची कविता म्हणत होतो. तिसऱ्या कडव्याला डोळे आपोआप मिटतात. समोरचा टॉवर जातो, गुरुजींचा टाळीचा ताल ऐकू येतो. तेवढ्यात सुगंधानं तळहातावर प्रेशरची गोळी ठेवली. रोजच्यासारखी, न बघता गिळली.

आणि चमकलो! हीच गोळी ठोके वाढू देत नाही. ‘टेस्टच्या आधी दोन दिवस बंद,’ असं डॉक्टरीणबाईनं बजावलं होतं — सुगंधासमोर! पण टेस्टच्या सकाळीही कविता झाली होती. त्या सकाळीही हात पुढे केला होता. आणि तिकडे मी ठणकावून सांगितलं, ‘गोळी घेतलेली नाही!’

ओरडलो. “एवढं विसरतेस? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?” शेजाऱ्यांनी दार उघडून पाहिलं. पाहू देत!

१४ फेब्रुवारी

“विसरले नव्हते,” सुगंधा म्हणाली. “अहो, दादा पालखीखालीच कोसळले ना? तुम्ही पास झाला असतात, तर मी कुठल्या तोंडाने अडवलं असतं?”

सिद्धेशला हाक मारली. दांडा खांद्याला रुतू नये म्हणून टॉवेलची घडी कशी घालायची, ते दाखवलं.