‘सी’ म्हणजे हो, पण कुठला हो

तीर्थस्वरूप दाजी यांस,

उजव्या हाताची दोन बोटं पट्टीत आहेत, म्हणून डाव्या हाताने केलेला नमस्कार गोड मानून घ्यावा. अक्षर वाकडं आहे, राग मात्र सरळ आहे. तुमचा गुडघा कसा आहे? ताईचा नवा चष्मा आला का? (हे दोन्ही प्रश्न मराठीत विचारले आहेत. बघा, कुणालाही इजा झाली नाही.) आम्ही इकडे मजेत आहोत असं लिहायची रीत आहे, पण आज ती मी पाळणार नाही.

तुम्ही शाळेत तीस वर्षं फ्रेंच शिकवलंत, म्हणून साहेबांनी नव्या लिफ्टसाठी परदेशातून फ्रेंच बाई इंजिनियर येणार असं सांगितल्यावर मी पहिला फोन तुम्हाला केला. ही माझी चूक, ती मी पदरात घेतो. दोन महिने रोज संध्याकाळी सातला तुम्ही फोनवरून शिकवलंत, मी भाजी निवडत निवडत शिकलो, तेही कबूल. पण पहिल्याच दिवशी तुम्ही म्हणालात की प्रश्न करणं म्हणजे अगदी सोपं काम, साधं वाक्य बोलायचं आणि शेवटी सूर चढवायचा. दाजी, मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस आहे. सत्तावीस वर्षं मशीनरूममध्ये मोटरच्या आवाजावर ओरडून माझा सूर वाक्याच्या शेवटी खालीच बसतो, तो चढत नाही. बाई आल्या त्या सकाळी मी अदबीने विचारलं, तुम्ही चहा घेता? सूर बसला. त्यांना वाटलं, हा माणूस मी चहा घेते अशी माहिती मला देतोय. त्या ‘हो, घेते’ म्हणाल्या आणि पुन्हा नकाशात डोकं घालून बसल्या. मीही त्यांच्यासमोर दोन कप धरून उभा. चहावर साय धरली तरी आम्ही दोघं तसेच.

मग तुम्ही दुसरी युक्ती काढलीत, वाक्याच्या आधी ‘एस्-क’ लावायचं. आपल्याकडे माणूस आधी सांगायचं ते सांगतो आणि शेवटी एक ‘का’ चिकटवून मोकळा होतो. यांच्याकडे आधीच दवंडी पिटायची की लोकहो, आता प्रश्न येतोय. मी ‘एस्-क’ म्हणायचो, बाई हातातलं काम टाकून माझ्याकडे बघायच्या आणि त्या बघण्याने पुढचं सगळं वाक्य माझ्या डोक्यातून धुऊन निघायचं. आठवडाभर मी त्या बाईंना नुसतं ‘एस्-क’ म्हणत होतो. तिसरी तऱ्हा म्हणजे क्रियापद पुढे ओढायचं, कर्त्याला मागे ढकलायचं आणि दोघांची टक्कर होऊ नये म्हणून कधी कधी मध्ये एक उपरा ‘त’ बसवायचा. हा ‘त’ कुणाचा, असं मी विचारलं तेव्हा तुम्ही हसलात. (ताईसुद्धा मागून हसली, मला ऐकू आलं.)

हे सगळं मी गिळलं. पण तुमचा शेवटचा धडा मी गिळणार नाही. तुम्ही म्हणालात, थेट विचारणं उर्मट वाटतं, मोठ्या माणसाला नकार घालून विचारावं, ते सभ्य. परवा मी सहाव्या मजल्याच्या वरच्या मशीनरूममध्ये पॅनल उघडून बसलो होतो आणि बाई तळमजल्यावर मेन स्विचपाशी. मी फोनवर सभ्यपणे विचारलं, वीज चालू नाही ना? पलीकडून उत्तर आलं, ‘सी.’

आता दाजी, तुम्ही मला ‘वी’ म्हणजे हो शिकवलंत, ‘नों’ म्हणजे नाही शिकवलंत. हे ‘सी’ कुठून उपटलं? आवाज होकाराचा होता. मी समजलो, हो, चालू नाही. सत्तावीस वर्षांत टेस्टर लावल्याशिवाय मी पॅनलमध्ये हात घातलेला नाही. त्या दिवशी टेस्टरच्या जागी भाषा लावली. नकारार्थी प्रश्नाला ‘सी’ म्हटलं की अर्थ होतो, तू म्हणतोस ते नाही, वीज चालूच आहे. हे मला कुणी सांगितलं? पॅनलने सांगितलं.

स्क्रूड्रायव्हर एकीकडे, मी दुसरीकडे. शेजारच्या लिफ्टचीही वीज गेली आणि ती तिसऱ्या-चौथ्या मजल्यांच्या मध्ये अडकली. आत आमचे साहेब. बाई सहा जिने पळत वर आल्या, माझा हात बघितला आणि दुखतंय का म्हणून विचारलं. सूर चढवून विचारलं, मग ‘एस्-क’ लावून विचारलं, मग क्रियापद पुढे ओढून विचारलं. मला तिन्ही कळले, दाजी. पहिल्यांदाच कळले. पण बाईमाणसासमोर काय रडायचं म्हणून मी तिन्ही वेळा ‘नों’ म्हणालो. मग त्या हळूच म्हणाल्या, ‘दुखत नाहीये?’ माझ्या तोंडून आपोआप निघालं, ‘सी.’ त्या खाली बसल्या आणि हसायच्या ऐवजी रडायला लागल्या. रडताना त्यांनी काय सांगितलं ते अर्धंच समजलं. त्यांचा कामावरचा एक जोडीदार असाच एका शब्दावरून गेला होता.

चाळीस मिनिटांनी साहेब बाहेर आले, शर्ट घामाने चिकटलेला, आणि चूक कुणाची ते त्यांना जागच्या जागी हवं होतं. मी तोंड उघडण्याआधी बाई म्हणाल्या की चूक त्यांची स्वतःची, एका शब्दात उत्तर द्यायचं नसतं. मी म्हणालो, माझी, टेस्टर लावला नाही. साहेबांना आरोपी एकच हवा होता, दोन मिळाल्यावर ते चिडून घरी गेले. आता मशीनरूमच्या दारावर खडूने लिहिलंय की इथे नकारार्थी प्रश्न विचारू नये. तेव्हा तुमचा तो सभ्यपणा तुमच्यापाशीच ठेवा. यापुढे आपल्या दोघांत फ्रेंचचा विषय बंद, सातचा फोन बंद. तुमची व्याकरणाची वही मी माळ्यावर टाकली आहे.

रागावलेला असूनही नात्याने धाकटाच,
तुमचा मेहुणा

ता. क. ताईला बोटांचं खरं कारण सांगू नका. इस्त्रीचा चटका बसला असं मी तिला सांगितलं आहे.

आणखी एक ता. क. बाईंच्या कारखान्यात सहा महिन्यांच्या शिक्षणासाठी इथून एकालाच नेणार आहेत आणि त्यांच्या मनात मी आहे. त्यांनी विचारलं, तुम्हाला एवढं कुणी शिकवलं? मी छाती पुढे काढून तुमचं सांगितलं. आता त्यांना तुम्हाला भेटायचं आहे. शनिवारी दुपारी या. वही माळ्यावरून काढून पुसून ठेवली आहे.

शेवटचा ता. क. ताईने काल फोनवर एक गोष्ट फोडली. तीस वर्षं शिकवलंत, पण त्या देशाच्या एकाही माणसाशी तुम्ही कधी बोललेला नाहीत म्हणे. पत्र वाचून तुम्ही घाबरला असाल, म्हणून लिहितो. इस्त्रीचा शर्ट घालून या. बाई बोलतात फार भरभर, पण मनाने चांगल्या आहेत. काही अडलं तर मी शेजारच्याच खुर्चीवर असेन.