तांदळाच्या डब्यातली कॅसेट

नेपरव्हिल,
रविवार, ३१ मे १९८७

ती. विहीणबाईंस वसुधाचा साष्टांग नमस्कार.

वयाने मी तुमच्याहून दोन वर्षांनी थोरली. पण तुम्ही मुलाच्या आई आणि मी मुलीची, तेव्हा नमस्कार माझ्याच बाजूने, आणि आज तो जरा जास्तच वाकून करते आहे. (का, ते शेवटी कळेल. पण म्हणून पत्र शेवटाकडून वाचायला घेऊ नका.) तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं, हिरवी पट्टी निघाली आणि आता समोरच्या गच्चीवरचे पापडसुद्धा मोजता येतात, हे वाचून फार बरं वाटलं. सात वर्षांनी नात येणार, ती स्वच्छ दिसावी म्हणून तुम्ही थंडीतच ऑपरेशन उरकून घेतलंत, हे गिरीशरावांनी वाचून दाखवलं तेव्हा मी हात धुवायच्या निमित्ताने उठले. कारण असं की, ही भेट महिन्याभरापूर्वी जवळजवळ रद्द झाली होती. आणि ती रद्द करण्यात माझा हात होता. आता स्वस्थ बसा, चष्मा लावा, आणि मला मधेच शिव्या देऊ नका, एकदम शेवटी द्या.

झालं असं. एप्रिलमध्ये विनीताच्या शाळेतून चिठ्ठी आली की अमेरिकेच्या इतिहासात तिला डी आहे. इथे डी म्हणजे नापासाच्या उंबरठ्यावर एक पाय. शेवटच्या निबंधात घसरली तर उन्हाळ्यात पुन्हा शाळा, आणि उन्हाळ्यात शाळा म्हणजे वीस जूनची तिकिटं कॅन्सल. गिरीशराव एरवी किती शांत, तुम्हाला ठाऊकच आहे. पण त्या दिवशी ते म्हणाले, गणितात ए आणि ज्या देशात जन्मलीस त्याच्या इतिहासात डी? आमच्या घरात असं कधी कोणी नापास झालेलं नाही! (हे वाक्य लक्षात ठेवा.) आमची रेखा कपडे धुवायच्या मशीनपाशी जाऊन रडून आली. पोरगी तोंड फिरवून बसली. आणि मी, सहा महिने आरामाला आलेली बाई, गप्प बसायचं सोडून उभी राहिले आणि जाहीर केलं, मी शिकवते. चौतीस वर्षं वर्ध्याच्या कन्याशाळेत इतिहास शिकवला, माझी एकही मुलगी नापास झाली नाही. इतिहास तो इतिहास, मग पानिपतचा असो की पेनसिल्व्हेनियाचा!

पुस्तक हातात घेतलं आणि मनगट लचकलं. नऊशे पानं, विहीणबाई! आपल्याकडे एवढ्यात शिवरायांपासून स्वातंत्र्यापर्यंत सगळं बसवून वर स्वाध्याय देतात. विनीताचं दुखणं होतं शेवटच्या दीडशे पानांत, म्हणजे गेल्या पंचवीस-तीस वर्षांच्या राजकारणात. मी आधी स्वतः वाचायला बसले आणि खरं सांगते, गुंगून गेले. या देशात दोनच पक्ष. एकाची खूण हत्ती, दुसऱ्याची गाढव. गाढव! विरोधकांनी हिणवायला चिकटवलं म्हणतात, आणि यांनी ते हसत हसत ठेवून घेतलं. आपल्याकडे कोणाला गाढव म्हणून बघा, दंगल होईल. निवडणूक नोव्हेंबरातल्या मंगळवारीच. मंगळवारीच का? तर शंभर-दीडशे वर्षांपूर्वी शेतकरी रविवारी चर्चला जात आणि सोमवारी घोडागाडीने मतदानाला निघत. घोडे गेले, मंगळवार राहिला. मी हे सगळं विनीताला रंगवून सांगायची, आणि पोरगी कानाला ते वॉकमनचं यंत्र लावून मान हलवायची. मान माझ्या बोलण्यावर हलत नव्हती, गाण्याच्या ठेक्यावर हलत होती, हे मला तिसऱ्या दिवशी समजलं.

मला मात्र एका प्रश्नाने पछाडलं. तो वॉटरगेटचा धडा. बहात्तर सालच्या जूनमध्ये वॉटरगेट नावाच्या इमारतीतल्या विरोधी पक्षाच्या कचेरीत रात्री पाच माणसं शिरली, दाराच्या कडीला चिकटपट्टी लावून. पहारेकऱ्याने चिकटपट्टी पाहिली आणि सगळे पकडले गेले. मग ते झाकायला एक खोटं, त्यावर दुसरं, असं करता करता दोन वर्षांनी अध्यक्ष निक्सन यांना पायउतार व्हावं लागलं. इथवर ठीक. पण मधल्या निवडणुकीत हाच माणूस पन्नासपैकी एकोणपन्नास राज्यं जिंकला होता. एकोणपन्नास! मग हे कशाला? वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलाने कॉपी का करावी? मी गिरीशरावांना विचारलं, कारण ते तेव्हा इथेच होते. ते म्हणाले, आई, त्या उन्हाळ्यात माझा थीसिस होता, टीव्ही लागलेला असायचा खरा. मग आम्ही शिकागोत डेव्हन ॲव्हेन्यूला, आपल्या लोकांच्या दुकानांत, तांदूळ आणायला गेलो, तिथे रांगेत उभ्या असलेल्या एका डॉक्टरांना मी विचारलं, तर ते म्हणाले, काकू, पॉलिटिक्स आहे यार, सोडा. (मला यार म्हणाले. असो.) शेजारचे म्हातारे गोरे गृहस्थ गवत कापायचं थांबवून अर्धा तास बोलले. त्यातलं मला निम्मं कळलं, पण डोळ्यांत पाणी आलेलं दिसलं. त्यांनी दोनदा निक्सनलाच मत दिलं होतं. हल्ली टीव्हीवर दिवसभर इराणला चोरून शस्त्रं विकल्याच्या दुसऱ्याच एका भानगडीची चौकशी चालू असते, तीही मी पोळ्या लाटता लाटता बघते. तिथेही कागद फाडल्याच्याच गोष्टी. उत्तर काही मिळेना.

तिकडे निबंधाची तारीख जवळ आली आणि विनीताची पाटी कोरीच. तेव्हा मला युक्ती सुचली. पोरगी कानातलं काढत नाही ना? मग कानातूनच शिकवू! मी वर्ध्याच्या पद्धतीने आदर्श उत्तर तयार केलं. वॉटरगेटची आठ कारणं, सहा परिणाम, शेवटी समारोप. खणातून एक कॅसेट काढली, रेकॉर्डरसमोर बसले आणि घसा खाकरून अख्खं उत्तर इंग्रजीत बोलून घेतलं. विनीताने ते बसमध्ये ऐकलं, आंघोळीच्या आधी ऐकलं, झोपताना ऐकलं, आणि बुद्धीची काही कमी नाही पोरीला, आठ दिवसांत तोंडपाठ. मला धन्य वाटलं. आम्ही जन्मभर हेच केलं, विहीणबाई. मुलींनी आमचं उत्तर जसंच्या तसं लिहिलं की आम्ही वहीवर ‘शाब्बास’ लिहायचो.

इथे ‘शाब्बास’ आलं नाही, ‘मला येऊन भेट’ आलं. मिसेस केलर म्हणून तिच्या बाई आहेत, त्यांनी लिहिलं होतं की हा निबंध सोळा वर्षांच्या मुलीचा नाही, कुठल्या तरी जुन्या पुस्तकातून उतरवलेला आहे. पुस्तक मात्र त्यांना सापडत नव्हतं. (सापडेल कसं? ते पुस्तक स्वयंपाकघरात भाजी चिरत होतं.) ‘उपरोक्त सद्गृहस्थ’, ‘यावरून सूर्यप्रकाशाइतके स्पष्ट होते’ असलं माझं बी.टी. कॉलेजातलं इंग्रजी पोरीने स्वल्पविरामासकट उतरवलं होतं. आता शून्य आणि वर कॉपीचा शिक्का. विनीता फक्त एवढंच म्हणाली, आय डिडन्ट चीट. माझं नाव तिने घेतलं नाही. रेखाने मला विचारलं, आई, तू काही लिहून दिलंस का? आणि विहीणबाई, अडुसष्ट वर्षांची मी, इतिहासाची शिक्षिका, तोंड वर करून म्हणाले, छे गं, मी फक्त सनावळी सांगितली! मग दुपारी घरात कोणी नसताना ती कॅसेट उचलली आणि तांदळाच्या डब्यात खोल खुपसून ठेवली.

दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी रेखाने विनीताला कुकर लावायला सांगितलं. मापटं डब्यात घातलं आणि खट्ट आवाज झाला. विनीताने कॅसेट वर काढली, तिच्या दोन्ही भोकांतून तांदूळ गळत होते. तिने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. आणि मग पोरगी जी हसत सुटली! ओट्याला धरून हसली, खाली बसून हसली. आजी, यू आर डूइंग अ कव्हर-अप, म्हणाली. झाकपाक. मला इतकी लाज वाटली की मीही हसले, आणि हसता हसता रडले. म्हटलं, विनू, माझी एकही मुलगी कधी नापास झाली नाही गं. तू झालीस तर तिकडे तुझी दुसरी आजी डोळे उघडून बसली आहे, तिला मी काय तोंड दाखवू? भीती वाटली मला. पोरीने कॅसेटमधले तांदूळ झटकले. मग म्हणाली (इंग्रजीतच, पण मी मराठीत देते), आजी, तू सगळ्यांना विचारत फिरतेस की एकोणपन्नास राज्यं जिंकणाऱ्याने हे का केलं. पण तो जिंकणार हे तुला माहीत आहे, कारण तू पुढचं पान वाचलं आहेस. त्याने वाचलं नव्हतं. मी पाटावरच बसले. चौतीस वर्षं सनावळ्या शिकवल्या, पण हे साधं वाक्य मला कधी सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी कॅसेट घेऊन शाळेत गेलो. मी नऊवारी नेसले होते, सगळी शाळा वळून बघत होती, पण म्हटलं कबुली द्यायची तर पूर्ण पोशाखात द्यावी. मिसेस केलरनी कॅसेट यंत्रात घातली आणि आठही कारणं ऐकली, सहाही परिणाम ऐकले. बाई चिवट. मग म्हणाल्या, ही कॉपी नाही, पण हा पेपर आजीने दिला आहे, आजीला ए. नातीला काय देऊ? माझा समारोप संपला (विनीता दर वेळी इथेच बटण बंद करायची), पण बोलण्याच्या नादात कॅसेट बंद करायचं त्यांना सुचलं नाही, आणि एकदम दुसरा आवाज आला. तुमचा. (तो तिथे कसा, ते पुढे सांगते.) तुम्ही म्हणत होतात, ‘...तर सांगायचं काय, विनू, अभ्यासाची फार धास्ती घेऊ नकोस. तुझ्या बाबाला सातवीत इतिहासात अठरा मार्क होते. प्रगतिपुस्तक त्याने गव्हाणीत लपवलं आणि ते गाईने खाल्लं. तरी झालाच ना इंजिनियर? तू ये फक्त. कधी येशील गं?’ बाईंनी विचारलं, या कोण, काय म्हणतात? विनीताने भाषांतर केलं. गाईपाशी आल्यावर बाई टेबलावर डोकं ठेवून हसल्या. ‘कधी येशील’पाशी विनीता अडखळली.

मग बाईंनी तिला तिथेच बसवलं आणि म्हणाल्या, पुस्तक नको, आजी नको, तुझं तू लिही. तिने गाय लिहिली, तांदूळ लिहिले, आणि पुढचं पान न वाचलेला तो अध्यक्ष लिहिला. परवा निकाल लागला. सी प्लस! चौतीस वर्षांत इतक्या कमी मार्कांवर मी कधी गोडाचा शिरा केला नव्हता. तिकिटं कायम. तेव्हा वीस तारखेला पोरगी निघते आहे. डोळ्यात औषध वेळेवर घाला, आणि तिला पोहे तिखट देऊ नका. बाकी सर्व क्षेम.

तुमची
वसुधा

ता. क. : तुमचा आवाज. तो त्या कॅसेटवर होता, कारण ती तुमचीच कॅसेट. गेल्या दिवाळीला, कामानिमित्त इकडे-तिकडे ये-जा करणाऱ्या नरेंद्रच्या हाती पाठवलेली. मी मागची कोरी बाजू लावायला गेले आणि यंत्रात ती उलटी बसली. वॉटरगेटमध्ये निक्सन यांच्या कचेरीतलं बोलणं टिपलेल्या एका टेपची साडेअठरा मिनिटं पुसली गेली होती, कोणी पुसली ते आजवर कळलेलं नाही. माझ्या हातून साडेअठ्ठावीस पुसली गेली, आणि कोणी ते चांगलं कळलेलं आहे. या एवढ्या लांबलचक पत्राचं खरं कारण हे. हात जोडून विनंती, तेच सगळं पुन्हा बोलून नरेंद्रबरोबर गुपचूप पाठवा, आणि गिरीशरावांना कळू देऊ नका.

ता. क. २ : वरची विनंती रद्द. पाकीट चिकटवताना विनीता आली, मी काय मागितलं ते तिला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, अगेन, आजी? तेव्हा संध्याकाळी गिरीशरावांना सगळं सांगून टाकलं. ते चिडले नाहीत. म्हणाले, दिवाळीत पाच मिनिटं ऐकली होती, फोन आला, म्हटलं रविवारी निवांत ऐकू. मग प्रत्येक रविवारी काही ना काही निघत गेलं. किती उरलं आहे, विचारलं. मी म्हटलं, दीड मिनिट. ते कॅसेट घेऊन गॅरेजमध्ये गाडीत जाऊन बसले. अर्ध्या तासाने आले. म्हणाले, गाईचं नाव आईने सांगितलं नाही, कपिला होती.

ता. क. ३ : विनीता कोरी कॅसेट घेऊन येते आहे. ती स्वतः तुम्हाला प्रश्न विचारणार आहे, आणि गिरीशरावांनी यादीत पहिला प्रश्न स्वतःच्या हाताने लिहून दिला आहे: ‘आई, त्या साडेअठ्ठावीस मिनिटांत काय बोलली होतीस?’ आठवत नसेल तरी चालेल. तुम्ही बोला. ऐकायला या वेळी कोणी रविवारची वाट बघणार नाही.