तिसरा सहभागी

३ मार्च, शेलूबाजार
आलो बाबा एकदाचा. पुण्याहून बस, पुढे जीप, आणि खताच्या दुकानावरचं हे आमचं ‘डेव्हलपमेंट सेंटर’: चार टेबलं, एक कूलर आणि हरीओम. व्हिडिओ कॉलची लायब्ररी सी++ मध्ये आहे. ती पायथनमधून वापरता यावी म्हणून मधला थर लिहायचा आणि तपासायचा. हरीओमने यात सहा महिने घालवले. मी पंधरा दिवसांत उडवतो. पौर्णिमाला सातवा महिना आहे, डॉक्टरांनी पलंगावरून उठायलाही मनाई केलीय. लवकर घरी गेलं पाहिजे.

५ मार्च
हरीओमचा कोड वाचून हसू आवरेना. आलेला कॉल तिसऱ्यांदा वाजल्याशिवाय घ्यायचाच नाही, अशी अट घातलीय. कारण विचारलं, तर गंभीरपणे म्हणाला, “पह्यल्या हाकेले ओ देऊ नाही, सर. माणूस असन त तीन डाव बोलावते.” आणि हे म्हणे इंजिनिअर! अट काढून टाकली. तीच आवृत्ती पौर्णिमाच्या टॅबवरही पाठवली. कॉल आपोआप उचलला जातो, तिला हात हलवायला नको. सासूबाई शाळेत शिकवायला गेल्या की दुपारी पाचव्या मजल्यावरच्या त्या घरात ती एकटीच असते.

१० मार्च
चाचणीत दोन बॉट बोलतात, यादीत सहभागी तीन दिसतात. तिसऱ्याला नेटवर्कवरचा पत्ताच नाही. मोजणीत हरीओमनेच घाण केलेली असणार. तो मात्र खुर्ची उचलून जिन्यात जाऊन बसलाय.

१२ मार्च
पौर्णिमा फोनवर कुरकुरली. दुपारी गोड बोलतोस, पण सारखं उठ, गॅलरीत ये, काय लावलंयस? मी दुपारी कॉल करतच नाही. गोळ्यांची गुंगी असेल.

१३ मार्च, दुपार
लॉग उघडला. रोज दोनला एक कॉल. एकदाच वाजतो. करणारा मी.
अट परत घातली, पण टॅब बंद करून चालू केल्याशिवाय ती लागू होत नाही. तिचा मोबाइल बंद. सासूबाई वर्गात.

२.०४
टॅबवर कॉल लागला. पलंग रिकामा. यादीत तीन जण.
मागे ती दिसतेय, भिंत धरून — गॅलरीच्या दारापाशी. हरीओम शेजाऱ्यांना फोन लावतोय, कोणी उचलत — मी किती मूर्ख, किती —
ओरडलो, थांब, पलंगावर जा. ती वळली. तेवढ्यात माझाच आवाज, माझ्याहून शांत — तो ओरडतोय तो मी नाही, पौर्णिमा, तू ये —
ती हसली. बरं म्हणाली. दार उघडून —