हेडफोनमधली घूं

सोमवार, ५ मे

घूं हायच!

हेडफोनचा अँप — आवाज वाढवायचं डबडं — सगळा जोडला. जुन्या रेडिओतल्या दोन्ही ट्यूबा पेटल्या, लालसर उजेड आला — छाती भरून आली — आणि हेडफोन कानाला लावला तर घूंऽऽ. गाणं लावलं की गाणं छान. लय छान. रेडिओच्या जमान्यातला गोड आवाज. पण गाणं थांबलं की हीच आपली — घूंऽऽ.

जयराजदादा पाटणचा, मिरजेत जुने अँप आणि रेडिओ दुरुस्त करतो. भंगारातल्या ट्यूबा त्यानंच दिल्या. म्हणला, "विश्वजित, मला गाणं ऐकवू नकोस. गाणं कुणीबी वाजवतंय. काय न लावता हेडफोन दे माझ्या हातात. गप असला, तर उद्यापासनं दुकानात बस." रविवारी त्यो हिकडं एका लग्नाला येणार हाय. तवा घरी येऊन ऐकणार.

न्हाईतर सोमवारी सेलमची गाडी. गलाईचं दुकान. दिवसभर सोनं वितळवायचं आणि ॲसिडचा धूर छातीत घ्यायचा. दिवाळीच्या आधी खोकल्यातनं रक्त आलं. आईला सांगितलं न्हाई. सातवीतनं पळालेल्याला दुसरं कोण बोलावतंय?

मंगळवार, ६ मे

ट्यूब पेटवणाऱ्या वायरी एकमेकींत पिळल्या. त्यानं घूं मरते म्हणं, मोबाईलवर बघितलं. आई भाकरी थापत बघत होती.

"पोटाला पोरगी न्हाई माज्या, म्हणून वायरींची येणी घालतोस व्हय रं?"

म्हणलं, "रिबन दे एखादी."

लय दिवसांनी हसली. 

घूं कमी झाली. गेली न्हाई.

बुधवार, ७ मे

ट्रान्सफॉर्मर फिरवला. आडवा केला, उभा केला, लांब नेऊन ठेवला. कंडेन्सर मोठा टाकला. काय न्हाई! आवाजाचं बटण पार बंद केलं तरी घूं. ट्यूब बदलून बघितली, तरी घूं. सोल्डरनं बोट भाजलं. सगळे जोड परत तापवले. घूं!!

आईच्या कानाला लावला. जरा वेळ ऐकलं तिनं. "माशी अडकलीया आत एक. सोड की तिला."

डबडं उचलून उकिरड्यावर फेकायला निघालो होतो. दारापतूर गेलो. परत आलो. फेकून जायचं कुठं? सेलमला.

गुरुवार, ८ मे

सेलमच्या शेठचा फोन. "तिकीट काढलंय तुझं. नाटकं करू नकोस." खोकला येत होता, दाबून धरला — त्याला ऐकू गेला असता.

शुक्रवार, ९ मे

सापडलं!!

दुपारी बिराप्पा तात्यांची — माझ्या चुलत्यांची — कडबाकुट्टी चालू होती. म्हशींसाठी कडबा तोडत होते. मी हेडफोन लावून डोकं धरून बसलेलो. कुट्टी थांबली आणि घूं थांबली! परत चालू झाली — घूं! मी अँप घेऊन बसतो ते रोज दुपारीच, आणि कुट्टीबी दुपारीच. तसाच पळत गेलो.

गेल्या वादळात तात्यांच्या घराकडं येणारी न्यूट्रलची, म्हंजे करंट माघारी न्यायची, तार तुटली. वायरमन आजून आला न्हाई. मग तात्यांनी फेज खांबावरचा घेतला आणि न्यूट्रल भुईचा. आमच्या दोन्ही घरांमधी अर्थिंगचा खड्डा हाय, मीठ-कोळसा घालून पाईप पुरलेला. त्या पाईपलाच कुट्टीची वायर बांधलीया. माझ्या अँपची अर्थिंगबी तिथंच जाते. म्हंजे ह्यांची कुट्टी माझ्या कानात फिरतीया!

म्हणलं, "आवं तात्या, पाईपात करंट खेळतोय ह्यो. कोण चिकटलं म्हंजे?"

"निम्म्या गावाच्या मोटारी अशाच फिरत्यात. भुई काय तुझ्या सेलमच्या शेठच्या बापाची हाय व्हय रं?"

"रविवारपतूर तरी थांबा."

"तुझ्या कानातल्या माशीसाठी माझ्या म्हशी उपाशी बांधू?"

आईनंच सांगितलेलं असणार माशीचं. निम्मं गाव खरंच असं करतंय. आमीबी केलंय.

मोटर कण्हायला लागली तसं तात्यांनी खड्ड्यात दोन बादल्या ओतल्या. उन्हाळ्यात खड्डा वाळला की मोटर उचलत न्हाई, म्हणून सगळेच पाणी ओततात. मी घरात येऊन ऐकलं — घूं निम्मी झालेली! म्हंजे खड्डा जेवढा ओला, तेवढी घूं कमी!

शनिवार, १० मे

सकाळधरनं खड्डा भिजवतोय. बादलीवर बादली. पायाला मुंग्या आल्या, तवा चप्पल घातली आणि परत ओतलं.

कुट्टी चालू होती. हेडफोन लावला.

काय न्हाई. काय न्हाई! माझाच श्वास ऐकू आला. रडू आलं गड्या. मिरजेत खोली बघायची. आईला न्यायची. खोकला बरा करायचा.

जयराजदादा उद्या फाट्यावर येणार. मी त्याला घराची वाट दाखवायला गेलो की मागं खड्डा वाळायचा, म्हणून आईला म्हणलं, तवर पाणी ओतत राहा. म्हणली, "म्हशीला पाजते तसं पाजते बाबा तुझ्या खड्ड्याला. तू जा."

रविवार, ११ मे. मिरज, दवाखाना

दादाला घेऊन वळणावर आलो तवा आई खड्ड्यापाशी पडलेली दिसली. अनवाणी. हात पाईपला. कुट्टी चालूच होती — गोठ्याच्या पलीकडं तात्यांना काय दिसतंय! दादानं काठीनं पाईपाची वायर ओढून काढली आणि त्याच्याच गाडीतनं हितं आणली.

तात्या जिन्यात बसल्यात. म्हणले, "आजून एकदा म्हणाला असतास, तर बंद केली असती रं."

करंट हाय हे मला शुक्रवारीच कळालं होतं. मी त्यो फक्त माझ्या कानातनं काढला.

सोमवार, १२ मे

सेलमची गाडी गेली. आई काचेच्या आत हाय, डोळं झाकलेलं. तिच्या उशाच्या मशीनचा आवाज दाराबाहेर येतोय. टीं — टीं — टीं. 

येऊ दे.