दुसऱ्या आधाराचा रकाना

सर, तुम्हाला पत्र लिहिण्याचा मला काही अधिकार आहे असे वाटत नाही, आणि तरीही लिहिते आहे, म्हणून आधी क्षमा मागते. शाळेत असताना मी तुमच्याशी सलग तीन वाक्येही कधी बोलले नाही. शंका आली की ती चिठ्ठीवर लिहायची, चिठ्ठी वहीत घालायची आणि वही गठ्ठ्यात सर्वांत खाली ठेवायची, ही माझी पद्धत. तुम्ही उत्तर त्याच चिठ्ठीच्या मागे लिहून देत होता. हे पत्रही त्यातलीच एक चिठ्ठी समजा. मागची बाजू या वेळी कोरीच राहणार, कारण तुम्हाला जाऊन अकरा वर्षे झाली. शिवाय ही चिठ्ठी मी चिडून लिहिते आहे. कोणावर चिडले आहे हे मला अजून नीट उलगडलेले नाही. सध्या तरी तुमच्यावर.

मंगळवार पेठेतल्या आपल्या शाळेचा परिपाठ तुम्हाला मी काय सांगणार. प्रार्थना, सुविचार, बातम्या, आणि मग दिनविशेष. बाकीच्या शाळांत दिनविशेष म्हणजे जयंत्या आणि पुण्यतिथ्या. आपल्याकडे मात्र पायऱ्यांजवळचा तो फळा होता आणि त्यावर रोज यंत्रांची, शोधांची, खेळांची एक गोष्ट असे. एका अजस्र संगणकात पतंग अडकून काम थांबले आणि तिथल्या लोकांनी तो पतंग चिकटपट्टीने नोंदवहीत चिकटवून ठेवला. प्रयोगशाळा पाहायला येणारे लोक कंटाळू नयेत म्हणून एका शास्त्रज्ञाने बशीएवढ्या पडद्यावर टेनिसचा खेळ तयार केला. हातात धरायच्या फोनवरून जगातला पहिला कॉल रस्त्यात उभे राहून लावला गेला, तोही प्रतिस्पर्धी कंपनीतल्या माणसाला, त्याला खिजवण्यासाठी. ही शेवटची नोंद वाचताना तुम्ही स्वतःच हसला होता. माझे अक्षर चांगले म्हणून आठवीपासून फळा माझ्याकडे आला. तुमच्या लांबलचक वहीत चार रकाने होते: दिनांक, नोंद, पहिला आधार, दुसरा आधार. चारही भरल्याशिवाय ओळ फळ्यावर जायची नाही, असा तुमचा नियम.

तो नियम मी एकदाच मोडला, असे तुम्हाला वाटत असे. आठवीत दिवाळीनंतर मी वर्तमानपत्राच्या पुरवणीतून एक नोंद परस्पर फळ्यावर उतरवली. सगळी शाळा रांगांत उभी असताना तुम्ही पायऱ्या उतरून आलात, फळा वाचलात आणि डस्टर माझ्या हातात दिलेत. "पूस," म्हणालात. मी पुसले. "छापलेलं सगळं खरं असतं असं कुणी सांगितलं तुला? एकाच्या तोंडचं ऐकून सगळ्या शाळेला सांगायचं व्हय?" वर्गात तुम्ही शुद्ध बोलत असा, 'व्हय' तोंडून आले की समजावे, सर खरोखर रागावले आहेत. त्या दिवशी फळा रिकामा राहिला. मी घरी जाऊन रडले आणि ठरवले की यापुढे फळा रिकामा राहू द्यायचा नाही. आता विचार केला की लक्षात येते, तुम्ही शिकवत होता एक आणि मी शिकले भलतेच.

त्याच वर्षीची दुसरी सकाळ मला अजून जशीच्या तशी दिसते. तुम्ही इचलकरंजीहून एसटीने आला आहात आणि पिशवीतून पुठ्ठ्याची एक माळ काढता आहात. हाताएवढ्या पट्ट्या, दोऱ्याने एकमेकींना बांधलेल्या, प्रत्येकीवर भोके. तुमचे वडील साड्यांच्या किनारीच्या मागावर होते. ही माळ त्यांची; तिच्यावरच्या भोकांनुसार माग नक्षी विणायचा. "संगणकाचा आजा बघून घ्या," तुम्ही म्हणता. मागची मुले हसतात. एकजण म्हणतो, "सर, आजा लई बारीक झालाय." तुम्हीही हसता आणि सांगता, "भोक म्हणजे हो, कोरं म्हणजे नाही. यंत्राला एवढंच कळतं. नक्षी कमळाची आहे का मोराची, मागाला काय देणंघेणं? माणसानं एक भोक चुकीचं पाडलं की माग ती चूक मन लावून विणत बसतो. थानच्या थान." मग एक पट्टी वर धरून दाखवता. तिच्यावर एका भोकावर कागदाचा तुकडा खळीने चिकटवला आहे. "ही माझ्या वडिलांची चूक. ध्यानात आल्यावर माग थांबवला, भोक बुजवलं, मगच पुढचं कापड." दहावीचा निकाल लागला तेव्हा तुम्ही मला ती पट्टी भेट दिलीत. इतरांना पेने मिळाली होती. मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरीला लागल्यापासून ती माझ्या टेबलाच्या खणात आहे.

आता नववीतला ऑगस्ट. पंचगंगा पात्राबाहेर आली, इचलकरंजीचा रस्ता पाण्याखाली गेला आणि तुम्ही तीन दिवस येऊ शकला नाहीत. दोन दिवसांच्या नोंदी तुम्ही आधीच काढून दिल्या होत्या. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे काहीच नव्हते. वही तुमच्या कपाटात, कपाटाची किल्ली तुमच्याकडे, ग्रंथालयाला कुलूप. परिपाठाला पाच मिनिटे असताना मी फळ्यावर लिहिले: 'आजच्या दिवशी दोन संगणक प्रथमच एकमेकांशी बुद्धिबळ खेळले. सामना बरोबरीत सुटला.' हे मी कुठेही वाचले नव्हते. असे काहीतरी कधीतरी झालेच असेल, एवढाच माझा विचार. बरोबरी अशासाठी की वडिलांशी खेळताना कोणी एक हरायची वेळ आली की मला डाव मोडून टाकावासा वाटे. मुले नेहमी दिनविशेष ऐकताना चुळबुळत. त्या दिवशी शांत होती. परत आल्यावर तुम्ही ती नोंद तुमच्या वहीत उतरवून घेतलीत, आणि मला काहीही विचारले नाहीत.

याचाच मला राग आहे, सर. पुरवणीतल्या छापील ओळीला आधार मागणाऱ्या माणसाने माझ्या ओळीला तो मागू नये? तुम्ही गेल्यावर शाळेने तुमच्या वहीची पुस्तिका छापली, तुमच्या छायाचित्रासह. जागा वाचवण्यासाठी आधारांचे दोन्ही रकाने गाळले. पुस्तिका शाळेच्या संकेतस्थळावर गेली, तिथून कोणी कोणी उचलली. आज शोधले तर माझी ओळ निदान चार ठिकाणी सापडते, पूर्णविरामसुद्धा न बदलता. दोन आधार शोधणाऱ्याला चार मिळतील आणि चारही मीच. मी ग्रंथालयात बसून लोकांना संदर्भ कसे तपासावेत ते सांगते. त्याच टेबलावरून एका संकेतस्थळाला मी कळवले की ही नोंद तपासून पाहावी. त्यांचे उत्तर आले की नोंद अनेक ठिकाणी आढळत असल्याने ती योग्य आहे.

तरीही मी गप्प राहिले असते. अकरा वर्षे राहिलेच की. पण आठ नोव्हेंबरच्या शनिवारी तुमच्या स्मरणार्थ भरणाऱ्या आंतरशालेय प्रश्नमंजूषेत गुण मांडायला मला बोलावले होते. विजेत्या संघाला पुढच्या फेरीसाठी पुण्याला जायचे होते. शेवटी आपला संघ आणि शिरोळचा संघ बरोबरीत आले. शिरोळच्या संघातली आठवीची एक मुलगी, घट्ट दोन वेण्या, हात गुडघ्यांवर. प्रश्न विचारणारे तरुण सर आपल्याच शाळेचे; त्यांनी पुस्तिकेतून शेवटचा प्रश्न काढला: दोन संगणकांमधल्या बुद्धिबळाच्या पहिल्या सामन्याचा निकाल काय? मुलगी म्हणाली, "रशियाच्या संगणकानं जिंकला." सर म्हणाले, "चूक. बरोबरीत सुटला." आपल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हा ती उभी राहिली.

"न्हाय सर. चार डाव होते. त्यातले दोन बरोबरीत, दोन रशियानं मारले. तारेनं एकेक चाल पाठवायचे, कित्येक महिने चाललता सामना. एका दिवसात झालाच न्हाय."

"पुस्तिकेत आहे ते आहे की. आमच्या सरांपेक्षा तुला जास्त कळतंय व्हय?"

सभागृह हसले. तिच्या बाई तिचा हात ओढत म्हणाल्या, "खाली बस गं. पावणं म्हणून आलोय आपण, भांडायला न्हाय."

ती बसली नाही. "मग त्या सरांनी कुठं वाचलंय, ते लिहिलंय का त्यात?"

सर, हा तुमचाच प्रश्न होता. तुमच्याच स्पर्धेत, तुमच्याच छायाचित्राखाली तो विचारणारी एकच मुलगी निघाली आणि तिला आम्ही शून्य दिले. ते शून्य मी माझ्या सुरेख अक्षरात मांडले. नंतर पाण्याच्या टाकीजवळ ती मला गाठून म्हणाली, "मॅडम, तुम्ही ग्रंथालयात असता म्हणं. तुम्हाला तरी पटतंय का हे?" मी म्हणाले, "स्पर्धेत पुस्तिका प्रमाण धरायची असते." तिने माझ्याकडे पाहिले, बाटली भरून घेतली आणि म्हणाली, "मग पुस्तिकाच पाठ करून येते पुढच्या वर्षी." हे ती रागाने बोलली असती तर बरे झाले असते. ती समजुतीने बोलली.

दोन दिवसांनी, सोमवारी, मी मुख्याध्यापिकांकडे गेले. तिथपर्यंत पोहोचायला मला दोन वेळा दारातून परत फिरावे लागले. मी म्हणाले, ती नोंद चुकीची आहे, निकाल बदलायला हवा. बाईंनी चहा मागवला. "अगं, पुस्तिका छापून वाटून झाली. आता उकरून काय काढायचं त्यात? अन् चूक कुणाची म्हणायची, सरांची? गेलेल्या माणसाचं नाव खराब करणार तू, त्यांचीच लाडकी विद्यार्थिनी असून?" मला म्हणायचे होते, चूक सरांची नाही, माझी आहे. ओठांपर्यंत आलेले वाक्य चहाबरोबर गिळले. एवढेच म्हणता आले की मूळ वही पाहायला मिळेल का. त्यांनी कपाट उघडून दिले आणि तासाला निघून गेल्या.

मी वही उघडली ती तुमच्यावरचा राग पक्का करण्यासाठी. पानामागून पान, चारही रकाने भरलेले. पुस्तकांची नावे, पानांचे क्रमांक. मग तो ऑगस्ट. नोंद तुमच्या अक्षरात. पहिल्या आधाराच्या रकान्यात लिहिले आहे: 'शालेय ग्रंथालयातील पुस्तक. तिने पाहिले आहे.' दुसऱ्या आधाराचा रकाना कोरा. अख्ख्या वहीत तेवढा एकच चौकोन कोरा आहे.

वर मी लिहिले आहे की तुम्ही मला काहीही विचारले नाहीत. ते खरे नाही. तुम्ही विचारले होते. पूर ओसरल्यावर पहिल्याच दिवशी, जिन्याखाली, चपलांचा चिखल पायरीला घासत तुम्ही म्हणालात, "बुद्धिबळाचं कुठं वाचलंस?" आणि मी, जिला चिठ्ठीवाचून बोलता येत नसे, एका दमात म्हणाले, "ग्रंथालयातल्या पुस्तकात, सर." तुम्ही दुसरी चप्पल घासायला घेतलीत. "बरं. पुस्तक दाखव मला एकदा, दुसरा आधार मी शोधतो." मी ते कधी दाखवले नाही. तुम्ही पुन्हा मागितले नाहीत. मी इतकी वर्षे मागणे विसरून, न मागणे तेवढे लक्षात ठेवले. तुम्ही विश्वास ठेवला तो डोळे मिटून नव्हता. माझ्यासाठी एक चौकोन मोकळा ठेवून होता. दोन वर्षे रोज सकाळी मी तुमच्या समोरून खडू घेऊन जात होते. त्यांतल्या कोणत्याही सकाळी मला तो भरता आला असता.

हे पत्र कुठे पाठवायचे नाही, म्हणून ते पट्टीसोबत खणात ठेवते आहे. मात्र दुसरे एक पत्र लिहिले, याहून पुष्कळ लहान. त्यात माझे नाव, माझ्या नववीच्या तुकडीचे नाव, आणि हे: ती नोंद सरांची नाही, मी रचलेली आहे, सरांनी आधार विचारला तेव्हा मी खोटे सांगितले, मूळ वहीत त्यांनी रकाना कोरा सोडलेला आहे, तो पाहावा. सोबत पुस्तिकेत चिकटवण्यासाठी एक शुद्धिपत्र आणि त्या सामन्याची माहिती असलेल्या दोन पुस्तकांची पाने. एक प्रत मुख्याध्यापिकांना, एक शिरोळच्या शाळेला, त्या मुलीच्या नावे. बाई काय करतील ते मला माहीत नाही. बहुधा पुन्हा चहा मागवतील. निकाल बदलला नाही तर मी पुन्हा जाईन, असे लिहिते आहे खरे. दारातून किती वेळा परत फिरेन ते सांगता येत नाही.

टपाल कचेरीत खिडकीपलीकडच्या बाईंनी विचारले, "आत काय आहे?" मी म्हणाले, "कागद." मग रांगेत मागे माणसे उभी असतानाही म्हणाले, "माझी एक चूक आहे." त्या म्हणाल्या, "वजन किती भरतंय बघू." दोन्ही पाकिटे गेली. पावती तुमच्या पट्टीला टाचून ठेवली आहे, आधार म्हणून. तिच्यावर छापले आहे, सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५, सकाळी अकरा वाजून सात मिनिटे.